विषय: Re: हिमालय ट्रेक कधी? ऑक्टोबरवाल्यांनो, जरा थांबा

नमस्कार मंडळी,

आठवडाभर लिस्टवर ट्रेकच्या तारखांवरून धडाधड मेल चालू आहेत आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नका. एक तर गावात रेंज येते ती फक्त गोठ्यामागच्या निंबाखाली, आणि दुसरं म्हणजे सोयाबीन निघतंय. आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत, थ्रेशरवाल्याकडे आमचा नंबर आज लागला त्यामुळे रात्रीच काढणं चालू आहे, कानात नाकात सगळा भुसा आणि मी पोत्यावर बसून एका बोटाने टाइप करतोय, तेव्हा चुका पोटात घाला.

तुमचा प्रस्ताव वाचला, पुढच्या ऑक्टोबरात टेक्सासातून सगळ्यांनी भारतात यायचं आणि इथल्या भावंडांना घेऊन हिमालयात जायचं. डोंगराच्या बाजूने बघितलं तर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून मान्सून राजस्थानकडून मागे फिरायला लागतो, महिनाअखेर उत्तराखंड मोकळं होतं, चार महिने पावसाने हवा धुऊन काढलेली असते, धूळ नाही धूर नाही, त्यामुळे ऑक्टोबरात शिखरं जशी दिसतात तशी वर्षभरात दुसऱ्या कधी दिसत नाहीत. हे सगळं मान्य.

पण मग नेमका ऑक्टोबरच आमच्या इकडे काय असतो तेही ऐका. सवंगणीला, म्हणजे कापणीला, मजूर मिळत नाही, मिळाला तर तो सांगेल तो भाव. आभाळात जरा ढग दिसला की गंजीवर ताडपत्री टाकायला सगळं घर पळतं. मघाशी काकांनी यंत्रातून पडणाऱ्या धारेत हात घातला, चार दाणे उचलले आणि एक दाताखाली धरला. कट् आवाज झाला तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल पडला, कारण दाणा दबला असता तर माल ओला, आणि ओल निघाली की बाजारात भाव पाडणार. हे होत नाही तोच कपाशीचं बोंड फुटतं, सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा सुरू, तो मग जानेवारीपर्यंत थांबत नाही, मधेच तूर. अशा माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू की चला स्वर्गारोहिणी शिखर बघायला?

तरी चुलतभावाला विचारलंच. तो म्हणाला, "दादा, तुमाले सुट्टी असते, आमाले सोयाबीन असते. मले नेयाचं असन तं उन्हाळ्यात सांगजो."

डिसेंबरचं म्हणाल तर नाताळच्या सुट्टीत मी केदारकंठा करून आलोय, तीन वर्षं झाली त्याला. ३८०० मीटरचं शिखर, बर्फाचा ट्रेक म्हणून सगळीकडे नाव. बर्फ होता, खोटं कशाला बोलू, पण पहाटे तीनला अंधारात वर निघालो तर पुढे डोक्यावरच्या बॅटऱ्यांची रांग, शेगावला दर्शनाला लागते तशी. प्यायच्या पाण्याची बाटली पिशवीत गोठली. ज्यांच्यामार्फत गेलो होतो त्यांनी भाड्याने दिलेले बूट आतून ओले निघाले, दोन दिवस बोटं बधिर होती. एवढं करून वर पोचलो तर ढग, कारण हिवाळ्यात पश्चिमेकडून जे थंड वारे येतात तेच तर बर्फ आणतात, मग ते आले की दोन-दोन दिवस काही दिसत नाही. हौशी तरुणांसाठी ठीक आहे. आपल्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकांना तिथे मी नेणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला. टेक्सासात पोरांच्या शाळा मेच्या शेवटाला सुटतात आणि इकडे ७ जूनला मृग लागतं, त्याआधी माणूस घरी पाहिजे, बियाणं-खत घ्यायचं असतं. मधले दहा-बारा दिवस दोन्हीकडून मोकळे आहेत. उत्तराखंडात पाऊस पोचायला साधारण २० जून उजाडतो. आणि इथे तेव्हा नवतपा चालू असतो, ४५-४६ डिग्री, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, तेव्हा घरून निघायला कोणाचीच ना नसते.

ट्रेक उत्तराखंडातलाच, हर की दून. चढ अंगावर येत नाही, नदीच्या काठाकाठाने खोरं वर चढत जातं, शेवटचा मुक्काम साडेतीन हजार मीटरच्या आसपास.

मत द्या. थ्रेशर थांबलं, उठतो.

दारव्ह्याचा दादा

---

दादा, मेल वाचून भुश्याची खाज मलाच सुटली 😀

पण मी ऑक्टोबरची बाजू सोडणार नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पला मी ऑक्टोबरातच गेलो होतो, ५३६४ मीटर, आणि सकाळी सहाला लॉजच्या बाहेर आलो तेव्हा अमा दबलम शिखराचा एकेक कंगोरा मोजता येत होता, फोटोत जे दिसतं ते काहीच नाही. मेमध्ये हे मिळणार नाही. एप्रिल-मेमध्ये उत्तराखंडात चीडाची जंगलं पेटतात, २०१६ ला आणि २०२४ ला तर पार बातम्यांमध्ये होतं, खालच्या दऱ्यांमध्ये नुसता धूर. वर दुपारी दोननंतर रोज ढग, कधी गारा. हजारो डॉलरचं तिकीट काढून येणारा माणूस धुरकट डोंगर बघायला येईल का, याचाही विचार व्हावा.

अर्थात ऑक्टोबरचीही खात्री नसते हे प्रामाणिकपणे सांगतो. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळ विशाखापट्टणमला आपटलं आणि त्याचं उरलेलं आभाळ दोन दिवसांनी अन्नपूर्णा भागात बर्फ होऊन पडलं, थोरोंग ला खिंडीत आणि आसपासच्या भागात मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली, ऐन सीझनमध्ये. आणि गर्दीचं म्हणशील तर आम्ही दोन रात्री लॉजच्या जेवायच्या हॉलमध्ये बाकांवर झोपलो होतो, बेस कॅम्पच्या वाटेवरच्या लुकलाचं विमान दोन दिवस उडालं नाही ते वेगळंच.

एक मधला मार्ग सुचवतो. दिवाळीनंतर, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा? सोयाबीन तर निघालेलं असेल ना तोवर?

मूर्तिजापूरकर

---

मूर्तिजापूरकर, तू गावातून निघून किती वर्षं झाली रे? सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा पेरतात, आणि कपाशी वेचायला तेव्हाच तर घरचं माणूस लागतं. आमचे बाबा नोव्हेंबरात स्वतःच्या साखरपुड्याला तासभर उशिरा पोचले होते, कापसाची गाडी जिनिंगच्या रांगेत अडकली होती म्हणून.

मला विचाराल तर उत्तराखंडातली फुलांची दरी! जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य, तेव्हाच फुलं असतात. पोरांनाही सुट्टी असते. कोणी जातं का?

वणीची पोर

---

वणीच्या पोरी, फुलं तेव्हाच असतात कारण पाऊस तेव्हाच असतो, बाई. दरी जूनला उघडते पण तेव्हा बराच बर्फ, फुलं जुलैशिवाय नाहीत. मी गेले आहे, दरीखालच्या घांगरिया गावात चार दिवस कपडे वाळले नाहीत आणि येताना बद्रीनाथच्या रस्त्यावर दरड आली म्हणून गाडीत रात्र काढली. तरीही पुन्हा जाईन, इतकी ती सुंदर आहे, पण पंधरा जणांची वऱ्हाडी वरात घेऊन नाही. पावसाळ्यातच जायचं असेल तर डोंगराच्या पलीकडे जा, लडाख किंवा स्पिती, तिथे ढग पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. हंपता पास तर मजेशीर आहे, ४२७० मीटरची खिंड, अलीकडे कुलूचं हिरवं आणि पलीकडे लाहौलचं उघडं-बोडकं, आपण मेळघाटातून एकदम माळरानात उतरल्यासारखं.

आता दादांना. महिना कोणताही घ्या, मला त्याच्याशी देणंघेणं नाही, मला दिवस किती ते सांगा. आपली माणसं राहतात समुद्रसपाटीपासून चारेकशे मीटरवर. तीन हजारांच्या वर गेलं की रोजचा झोपायचा मुक्काम आधीच्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नको, आणि एक दिवस हातात राखून ठेवलेला पाहिजे. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं हे सुरू झालं की तिथेच थांबायचं, वाढलं तर खाली उतरायचं, "थोडंसंच राह्यलं" हे कोणी बोलायचं नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून वाटू नका, काकांची बीपीची औषधं बघितल्याशिवाय तर मुळीच नाही, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी विचारायचं.

आणि मेमध्ये जाताय तर मला वरच्या थंडीपेक्षा खालच्या उन्हाची जास्त भीती आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्री उतरतं, म्हणजे घर आणि वरचा तंबू यांच्यात नुसत्या उंचीने वीस डिग्रीचा फरक, रात्री पारा शून्याच्या आसपास. पण माणूस आजारी पडेल तो दिल्लीच्या प्लॅटफॉर्मवर. पन्ह्याच्या बाटल्या, ओआरएस, आणि ज्यांना खिशात कांदा ठेवायचाय त्यांनी खुशाल ठेवा, फक्त पाणीही प्या.

सरावाला चिखलदरा आहेच, अकराशे मीटर का होईना. काकांना रोज पाच किलोमीटर चालवा, पाठीवर ओझं घेऊन.

अचलपूरच्या काकू

---

काकू, नमस्कार. तुमचा मेल मी काकांना मोठ्याने वाचून दाखवला. रोज पाच किलोमीटरचं ऐकून ते म्हणाले, "वावरात मी रोज कितीक चालतो थे त्या बाईले सांग." तर सराव झाला असं समजा. खरी काळजी बुटांची आहे, माणूस जन्मभर चपलेवर वखर हाकत आलाय. नवे बूट घालून काल धुऱ्यावरून दोन चकरा मारल्या, संध्याकाळी टाचेला सुपारीएवढा फोड. सात महिने हातात आहेत, जुने होतील.

मूर्तिजापूरकरा, धुराचं तुझं खरं आहे, मी ते लपवून ठेवणार नव्हतो. दुपारचे ढगही खरे. म्हणून रोज सकाळी सहाला चालायला लागायचं आणि दोनच्या आत तंबूत. शिखरं सकाळी बघायची. ऑक्टोबरसारखं दिसणार नाही, नाही दिसलं तर नाही. तुला फक्त शिखरं बघायची असतील तर तू ऑक्टोबरात परत जा की, कोण अडवतं, पण काका आणि चुलतभाऊ तुझ्या फोटोत नसतील.

यात्रेच्या गर्दीचंही कोणीतरी विचारलं होतं. गंगोत्री-यमुनोत्रीची दारं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उघडतात, त्यामुळे मे-जूनला तिकडे गाड्याच गाड्या. आपल्याला डेहराडूनहून नौगावपर्यंत यमुनोत्रीवाल्यांची सोबत आहे, पुढे पुरोल्याकडे वळलं की रस्ता आपला. सांक्रीला मुक्काम, तिथून दहा-बारा किलोमीटरवर जे गाव लागतं त्याचं नावच तालुका आहे. चुलतभावाने लगेच विचारलं, "कोन्त्या जिल्ह्याचा?"

तारखांचं असं. आधी २७ मे म्हणत होतो पण काकूंचा राखीव दिवस धरून २६ च्या संध्याकाळी नागपूरहून निघायचं, २७ ला दिल्ली करून रात्री डेहराडून, २८ चा अख्खा दिवस सांक्रीच्या गाडीत. २९ पासून ३ जूनपर्यंत चालणं, त्यात एक दिवस राखीव. ४ ला डेहराडून, ५ ला दिल्ली, ६ ला घरी. रेल्वेचं बुकिंग आता साठच दिवस आधी उघडतं, म्हणजे मार्चच्या शेवटी, पण तुमच्या विमानांचं तुम्ही आधीच बघून ठेवा.

फक्त एक घोळ आहे. चुलतभावाच्या साळीचं, म्हणजे मेहुणीचं, लग्न उन्हाळ्यात जुळतंय आणि पोराकडचे २८ मे म्हणतायत. वहिनी बोलणी करायला रविवारी माहेरी चालल्यात, २४ करून घेते म्हणाल्या. तोवर कोणी तिकीट काढू नका.

दारव्ह्याचा दादा