मदत हवी आहे: आईचा मणका दबलाय, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) उणे ३.१. इंजेक्शन लगेच द्यावं का?

नमस्कार. हाडांच्या ठिसूळपणाचा घरात अनुभव असलेल्यांनी किंवा डॉक्टर मंडळींनी कृपया वाचावं. जरा मोठं लिहिते आहे, कारण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागणं बरोबर नाही.

आई ६१ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी असते. मी पुण्यात. तीन आठवड्यांपूर्वी तिने न्हाणीतली पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कट्कन आवाज झाला. ती पडली नाही, घसरली नाही. दोन दिवस शेक घेऊन काढले, मग भावाने तालुक्याला नेलं. एक्स-रेत पाठीचा बारावा मणका (डी-१२) पुढच्या बाजूने चेपलेला दिसतो.

तिची उंची कमी होत होती हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. दिवाळीत ती म्हणाली होती, "साडी हल्ली पायात येते गं, फॉल घासून जातो." मी म्हटलं, उंच खोचत जा. फडताळाच्या वरच्या फळीवरची मिठाची बरणी ती पूर्वी सहज काढायची, आता पाट घेते. या वेळी तिला भिंतीला उभं करून मोजलं: १४९ सेंटीमीटर. धाकट्या भावाच्या वेळच्या दवाखान्याच्या कार्डावर १५५ लिहिलंय. सहा सेंटीमीटर गेले आणि घरात कुणाला कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून तिचं डावं मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं, कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, विषय संपला. हाडाची घनता तपासा असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. नंतर गावातल्या शिबिरात टाचेला यंत्र लावून "थोडी कमी आहे, दूध प्या" एवढंच सांगितलं. आम्ही निर्धास्त झालो.

आणखी एक. ३९ व्या वर्षी तिची पिशवी काढली होती. कागद सापडत नाहीत, पण "सगळंच काढलं" असं ती म्हणते, आणि त्यानंतर लगेच अंगातून वाफा येणं सुरू झालं होतं.

आताचे रिपोर्ट: डेक्सामध्ये कंबरेचे मणके उणे ३.१, खुब्याची मान उणे २.६. व्हिटॅमिन डी ११. एक डॉक्टर म्हणतात, वर्षातून एकदाचं इंजेक्शन याच आठवड्यात देऊन टाकू. दुसरे म्हणतात, आधी डी भरून काढा. घरचे म्हणतात, इंजेक्शनने जबडा सडतो, नकोच. आई काहीच म्हणत नाही, फक्त कमरेला हात लावून बसते. मला नीट कळायला हवंय की घाई कशाची करायची आणि कशाची नाही. शिवाय मी ३८ ची आहे. मी आत्ताच तपासून घ्यावं का?

प्रतिसाद १ (हाडांच्या विभागात काम करणारी डॉक्टर)

ताई, रुग्ण न पाहता औषध ठरवता येत नाही, पण विचार कसा करायचा ते सांगते.

नुसती बादली उचलून मणका चेपतो, तेव्हा डेक्साचा आकडा ही पुष्टी असते. हाड ठिसूळ असल्याचं मणक्यानेच सांगितलेलं असतं. आकडा तरुण निरोगी बाईच्या हाडाशी तुलना करून काढतात: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ दरम्यान घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ठिसूळपणा. जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ पासूनची ही मोजपट्टी खुबा आणि कंबरेच्या डेक्साला लागते, टाचेच्या यंत्राला लागत नाही. शिबिरात कमी आलं तर पुढे डेक्सा करायचा असतो. मनगट मोडलं तेव्हाच तो व्हायला हवा होता, यात तुमचं बरोबर आहे.

आता इंजेक्शन. वर्षातून एकदाचं म्हणजे बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, सलाईनमधून देतात. ते हाडाची झीज रोखतं, म्हणजे हाडातून रक्तात येणारं कॅल्शियमही कमी होतं. डी ११ असताना आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. दोन्ही वाटा एकदम आखडल्या तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हातापायाला मुंग्या येतात, पेटके येतात. म्हणून आधी डी भरणं योग्य. सहसा ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, सोबत कॅल्शियम. इंजेक्शन त्यामुळे काही आठवडे पुढे जातं, रद्द होत नाही.

हे आठवडे वाया घालवू नका. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाईन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, पॅराथायरॉईड हार्मोन तपासा. डी इतकं कमी असलं की हाड मऊ पडण्याचा आजारही असू शकतो, त्यातही डेक्सा कमीच येतो आणि उपचार वेगळा असतो. मूत्रपिंड फारच अशक्त असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. हिमोग्लोबिन, ईएसआर आणि रक्तातल्या प्रथिनांची तपासणीही विचारून घ्या, कारण मणका चेपण्यामागे क्वचित रक्ताचा कॅन्सर असतो.

जबड्याचा त्रास खरा आहे, पण ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत फार दुर्मिळ. दाढ काढायची असेल तर इंजेक्शनच्या आधी काढा. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन कुणी सुचवलं तर एक लक्षात ठेवा: ते मध्येच सोडलं की मणके पुन्हा चेपू शकतात.

तुमचं: पाळी नियमित असेल, स्टिरॉइड चालू नसतील, हाड मोडलं नसेल तर आत्ता डेक्सा नको. पाळी गेल्यावर मात्र, आईचा इतिहास सांगून, ६५ ची वाट न पाहता करून घ्या.

प्रतिसाद २

माझ्या सासूबाईंना हाडांच्या ठिसूळपणासाठी दर आठवड्याची अलेंड्रोनेट ७० ची गोळी होती. उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. त्यांना सकाळच्या चहाशिवाय जमेना, गोळी चहासोबत जायची आणि वर्ष फुकट गेलं. आईंचं तसं होणार असेल तर इंजेक्शनच बरं. आणि वाकून केर काढणं आजपासून बंद करा, लांब दांड्याचा झाडू आणा. कुणी सूर्यनमस्कार किंवा पश्चिमोत्तानासन करा म्हटलं तर ऐकू नका, दबलेल्या मणक्याला पुढे वाकणं सोसत नाही.

प्रतिसाद ३ (बीडहून)

पिशवीबद्दल वाचून राहवलं नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पिशवी तिशीतच काढलेली असते. २०१९ मध्ये हा प्रश्न गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया निघाल्या. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोष काम करत राहतात. तेही काढले तर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हार्मोन एका दिवसात जातं आणि हाडं त्या दिवसापासून झिजायला लागतात. त्या बायका आता पन्नाशीकडे येताहेत. पुढे त्यांची हाडं कोण तपासणार, हे मी दर बैठकीत विचारते. तुमच्या आईंना बावीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईशी बोलले. "बीजांडकोष काढले का" हा शब्द तिला माहीत नव्हता, पण डॉक्टर "आता औषधाची गरज नाही" म्हणाले होते, एवढं तिला आठवतं.

डीचा पहिला डोस काल दिला, दुधातून. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, म्हणून तिचं ताट मोजून बघितलं. ज्वारीची भाकरी, कालवण, चहा. घरातलं दूध नातवंडांना जातं, दही भावाला. निम्मंही भरत नव्हतं. आता एक वेळ नाचणीची भाकरी (शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास), तिळाची चटणी, आणि दुधाचा एक पेला तिच्या नावाने वेगळा झाकून ठेवायला वहिनीला सांगितलंय. उरलेलं गोळीतून, जेवणासोबत.

खालची डावी दाढ हलते आहे. सोमवारी दातांच्या डॉक्टरांकडे नेतोय, तोवर क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉईडचे रिपोर्ट येतील. आले की इथेच टाकते. तेव्हा डॉक्टरताई, कृपया एकदा बघाल का?