ईमेल मिळाला म्हणजे गिऱ्हाईक मिळालं का?

खडूस_कारकून
कालचा सल्ला वाचून राहवलं नाही: "परदेशात दिवाळी फराळ पाठवायचाय? एका पानाची साइट करा, दोन हजारांची जाहिरात टाका, शंभर ईमेल जमले की कढई चढवा." अहो, ईमेल द्यायला कुणाचं काय जातं? पानावर भावच नाही, नुसतं 'आम्ही संपर्क करू'. बटणावरच लिहा ना: '३ किलोचा डबा, न्यू जर्सीत घरपोच, इतके रुपये'. किती जण ते दाबतात ते मोजा. सोशल मीडियावरच्या पोस्ट वेळेवर टाकणारं 'बफर' नावाचं साधन आहे ना, त्यांनी २०१० मध्ये हेच केलं. आधी नुसतं पान, मग मधे दरांचं पान घालून लोक कोणता प्लॅन निवडतात ते पाहिलं.

पानवाला
सल्ला माझाच. जो माल अजून नाही त्याचा भाव लावून लोकांना बटण दाबायला लावायचं, ही फसवणूक नाही का? आणि माझ्या पानाचा उपयोग नकार कळायला होतो. शंभर जण येऊन एकही ईमेल आला नाही, तर खरा प्रतिसाद ३ टक्क्यांच्या वर असणं अवघडच.

खडूस_कारकून
पैसे घ्या कोण म्हणालं? बटण दाबल्यावर सरळ लिहा, 'यंदा पाठवायचं अजून ठरतंय, नाव नोंदवा.' पैसे घेऊन परत केलेत तर ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचं शुल्क बहुधा तुमच्याच खिशातून जाईल.

सोऱ्या_आणि_साचा
भाव टाका, भाव टाका! काढलाय का कुणी? कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही, आकारमानावरूनही वजन काढतो आणि जे जास्त, त्याचे पैसे लावतो. ४० × ३० × ३० सेंमीचं खोकं, भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. आत चिवडा-चकली मिळून ५ किलो असली तरी पैसे ७.२ चेच.

पानवाला
धागा साइटचा आहे, खोक्याचा नाही.

सोऱ्या_आणि_साचा
खोक्याचाच आहे! चुकीच्या भावावर मिळालेला होकार काय चाटायचाय? आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची करमाफी गेली. कर कोण भरणार ते पानावर नसेल, तर तिकडचा भाचा दारातूनच पार्सल परत पाठवेल.

भाजणी_भारी
आणि चकली निर्वात पिशवीत कोंबू नका, भुगा होतो. चिवड्याचंही तेच. हवा भरलेली पिशवी लागते, म्हणजे खोकं आणखी मोठं.

खडूस_कारकून
झालं, निघाली गाडी फराळाला. मुद्दा असा की पैसे देणारी आई डोंबिवलीत आणि खाणारा न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. दोघांना एकच पान दाखवून काय कळणार? एक पान रुपयांत, एक डॉलरमध्ये, जाहिराती वेगळ्या, मोजणीही वेगळी. क्लिकला १० रुपये धरले तर दोन हजारांत २०० माणसं. त्यातल्या सहांनी बटण दाबलं तर ३ टक्के दिसतील, पण खरा आकडा १ ते साडेसहा टक्क्यांत कुठंही असू शकतो. तेवढ्यावर कढई?

पानवाला
म्हणजे दोन हजार पुरत नाहीत, हे तरी मान्य. आणि चाचणी जूनमध्ये नको, गणपतीच्या सुमारास घ्या. जूनमध्ये चकली कुणाच्या डोक्यात असते?

खडूस_कारकून
अरे वा, पहिल्यांदाच पटण्यासारखं बोललात.

पानवाला
बरं महाराज, भाव टाकतो, ७.२ किलोचाच टाकतो. बटणाचा रंग तरी माझा मी ठरवू?

सोऱ्या_आणि_साचा
आधी खोकं मोजा.