अमातेरासू कण : एका नोंदीवर किती विश्वास ठेवायचा?

मलप्रभाकाठी (खानापूर)
आमच्या वाचनालयात कॉस्मिक किरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, व्याख्यान झालं. 27 मे 2021 ला अमेरिकेत, युटाच्या वाळवंटात टेलिस्कोप अ‍ॅरे या प्रयोगाच्या 23 शोधक उपकरणांनी एकाच कणाचा वर्षाव (तो हवेवर आदळून उडालेला कणांचा सडा) टिपला. त्यालाच अमातेरासू नाव दिलंय. ऊर्जा सुमारे 244 एक्झा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. किलोभर वजन चार मीटरवरून पडावं तेवढी, तीही अणूहून लहान कणात! आला त्या दिशेला दीर्घिका फारशा नाहीत, जवळजवळ पोकळीच. वक्ते म्हणाले, "एका नोंदीवर काही ठरत नाही," आणि पुढं सरकले. मला हे पटलं नाही. युटातच 1991 ला 320 एक्झाचा कण नोंदला गेला होता. आपलं भौतिकशास्त्र इथं अपुरं पडतंय, हे मुलांना सरळ सांगायला हवं.

शहापूरकर
वक्ते बरोबरच बोलले की ओ. कण सरळ आला असेल तरच दिशेवरून उगम सांगता येतो. तो लोखंडाचं केंद्रक असेल तर विद्युतभार प्रोटॉनच्या 26 पट, चुंबकक्षेत्रात तेवढाच जास्त वळणार. मग पोकळीचं गूढ कुठं उरलं? जपानच्या अगासा या कॉस्मिक किरण प्रयोगानं 100 एक्झाच्या वरचे 11 कण जाहीर केल्यावर केवढे सिद्धांत निघाले होते! पुढं युटाच्या हायरेस प्रयोगानं आणि अर्जेंटिनातल्या ओजे वेधशाळेनं मोजलं, तर 50 एक्झाच्या आसपास संख्या झपाट्यानं घटतेय. 1966 चं भाकीत तसंच होतं: एवढ्या ऊर्जेचे कण लांबून येताना वाटेत ऊर्जा गमावतात, म्हणून ते विरळच हवेत.

निपाणीकर
आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 ला वातावरणातले न्यूट्रिनो (कशालाही सहज न अडणारे हलके कण) सापडले, ते टिकलं. तिथंच 80 च्या दशकात प्रोटॉन फुटल्याच्या नोंदी जाहीर झाल्या. अमेरिका-जपानच्या मोठ्या पाण्याच्या टाक्यांत मात्र तसं काहीच दिसलं नाही. माणसं तीच, खाण तीच. शहापूरकरांना माझा पाठिंबा.

मलप्रभाकाठी (खानापूर)
लोखंडाची शक्यता मान्य, पण तो लोखंडच होता हे कुठं ठरलंय? बरं, एकटा कण सोडा. वर्षावात तयार होणाऱ्या म्युऑनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचं, काय? ओजेच्या टाक्या 3000 चौरस किलोमीटरवर पसरल्यात. तिथल्या शेकडो वर्षावांत म्युऑन गणितापेक्षा जास्तच निघाले. ही काही एका रात्रीची चूक नव्हे.

शहापूरकर
म्युऑनचं खरं आहे, तिथं मी वाद घालत नाही. पण ते गणित एलएचसीच्या (युरोपातलं कण आदळवणारं महाकाय यंत्र) ऊर्जेपलीकडं ताणलेलं आहे, आणि हवेतल्या केंद्रकांवरच्या टकरी प्रयोगशाळेत फारशा मोजलेल्याच नव्हत्या. 2025 ला एलएचसीत ऑक्सिजनच्या टकरी केल्यात. ती आकडेवारी गणितात बसवून बघू द्या, मग भांडू. पुढच्या व्याख्यानाला म्युऑनचाच विषय घ्या, मी खानापूरला येतो.