औंधची चित्रं औंधातच राहावीत की मुंबईला न्यावीत?

खटावकर: सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय १९३८ चं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेली रविवर्म्याची, धुरंधरांची चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी ‘माता आणि मूल’ यमाईच्या डोंगरावर आहे. मोलाचं तेवढं मुंबईला न्यावं, लोक बघतील तरी, असं एक मित्र म्हणतो. म्हणजे इथं बघतात ती माणसं नव्हेत? देवीची ओटी भरून आलेली म्हातारी रविवर्म्याच्या चित्रासमोर थबकते, पदराच्या काठाकडं बोट करून नातीला म्हणते, “काठाची जर बघ, खरी वाटती का न्हाई?”

पेठेतला: म्हातारीचं कौतुक आहेच. पण चित्र टिकलं तर नात तिच्या नातीला दाखवेल. मूरच्या शिल्पावर अभ्यास करायचा तर विद्यार्थ्यानं रहिमतपूरला उतरून एसटीची वाट बघायची? शिवाय डागडुजी करणारा जाणकार मुंबईत सहज मिळतो, डोंगरावर नाही.

रंगकाम: तैलचित्रं मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत न्यायची म्हणजे बुरशीला आवतणच की! औंधचा खटाव तालुका पर्जन्यछायेत, हवा कोरडी.

पेठेतला: कोरडी, पण उन्हाळ्यात दुपारी भट्टी आणि रात्री गारवा. कॅनव्हास ताणतो-सैलावतो, रंगाला भेगा जातात. हवामान राखलेलं दालन लागतंच, मग ते कुठंही बांधा.

रंगकाम: कुठंही ना? मग औंधातच बांधा. संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. मागणी निधीची करा, ट्रकची कशाला?

माणदेशी: एक राहून जातंय. याच राजानं १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. संस्थान पुढं विलीन झालं, संग्रह तेवढा गावात उरला. आता तोही उचलायचा? (सूर्यनमस्कारही त्यांनीच गाजवले, ते मात्र कुणी हलवू शकत नाही.)

पेठेतला: कायमचं कोण म्हणतंय? निवडक कामं दर काही वर्षांनी पुण्या-मुंबईत दाखवा, तिकिटाचा पैसा औंधच्या दालनाला द्या.

खटावकर: हे चालेल. पण परतीची तारीख आणि विमा आधी लेखी द्या. आणि त्या दिवसांत तुमच्याकडची चार मूळ चित्रं इकडं पाठवा, भिंत मोकळी राहायला नको.