चंद्राचं अंडं निघालं त्या रात्री तुम्ही कुठे होतात?

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर सुरू झाली. १९८९ ते २००५ मधला मोठा खंड सोडला तर अजून जिवंत आहे. साठी उलटलेल्या मालिकेत पाट्या टाकलेले भाग निघणारच, त्याबद्दल कुणी फारसं भांडत नाही. पण ४ ऑक्टोबर २०१४चा 'किल द मून' निघाला की आमच्या जळगावच्या कट्ट्यावर चहा गार होतो. तर हा धागा त्या भागासाठी. दुसरा कुठला भाग जिव्हारी लागला असेल तर तोही चालेल, मात्र 'बकवास होता' एवढंच लिहून पळू नका. कुठे बसून पाहिलात, नेमकं कुठे बिनसलं, ते सांगा.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. साल २०४९. चंद्राचं वजन वाढलंय, भरतीने पृथ्वीवर हाहाकार. शंभर अणुबॉम्ब घेऊन एक जुनाट शटल चंद्रावर उतरतं. तिथे कळतं की चंद्र हे अंडं आहे आणि आतलं पिल्लू बाहेर यायच्या बेतात आहे. मारायचं की जगू द्यायचं? डॉक्टर, म्हणजे मालिकेचा कालप्रवासी नायक, म्हणतो, चंद्र तुमचा, निर्णय तुमचा, आणि टार्डिस, म्हणजे निळ्या डब्यासारखं त्याचं यान, घेऊन चालता होतो. मागे राहिलेली त्याची सोबतीण क्लारा पृथ्वीला विचारते : जगू द्यायचं तर दिवे चालू ठेवा, मारायचं तर बंद करा. पृथ्वी अंधारते. तरी क्लारा ऐन वेळी बॉम्ब थांबवते. अंडं फुटतं, पंखवालं जनावर उडतं आणि जाता जाता त्याच मापाचं नवं अंडं घालून जातं. झाला नवा चंद्र.

माझा अनुभव : त्याच आठवड्यात कोजागिरी होती. पुण्याहून आलेल्या मित्राच्या पेन ड्राइव्हवर भाग होता. गच्चीवर लॅपटॉप, शेगडीवर दूध, डोक्यावर खराखुरा चंद्र. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, २४ सप्टेंबरला, मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलेलं, त्यामुळे आम्ही सगळे हवेत होतो. शेवटी मला अगदी भरून आलं. शेजारी सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, "चांद फुटना, दुसरा उना. मंग रडस कसाले?" (चंद्र फुटला, दुसरा आला. मग रडतेस कशाला?) त्या एका वाक्याने भाग माझ्यापुरता संपला. पंचेचाळीस मिनिटं जीव टांगणीला लावून कुणाचंच काही जाणार नसेल, तर टांगला कशाला?

जळगाव, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो

भरून यायच्या आधी आकडे बघा, ताई. डॉक्टर स्वतः सांगतो की चंद्राचं वजन १.३ अब्ज टनांनी वाढलंय. चंद्राचं वस्तुमान साधारण ७.३५ गुणिले १० चा २२वा घात किलो. भागाकार करा. साठ किलोच्या माणसाच्या वजनात एक मायक्रोग्रॅम भर पडावी, तेवढी ही वाढ. त्यावर भरतीने किनारे बुडवले! आणि चंद्रावर उतरलेली माणसं पृथ्वीवर चालावीत तशी चालतात. म्हणजे गुरुत्वाकर्षण सहापट झालं. त्यासाठी चंद्रात आणखी पाच चंद्र कोंबावे लागतील.

मला कल्पनेशी भांडण नाही. निळ्या डब्यातून कालप्रवास मी निमूट मान्य करतो. पण आकडा तुम्हीच तोंडाने सांगितलात, मग तो खरा नको? अकरावीच्या पोरांना मी हा भाग दरवर्षी 'चूक शोधा' म्हणून दाखवतो. त्या निमित्ताने मालिकेचे चारदोन नवे प्रेक्षक होतात, ते वेगळं.

नवापूर, अंड्यांचा पोल्ट्री फार्म

सरांनी चंद्राचं बघितलं, मी अंड्याचं बघतो. तरुणपणी हॅचरीत काम केलंय. उबवणीला ठेवलेलं अंडं एकवीस दिवसांत वजनाने कमी होतं, बारा टक्क्यांच्या आसपास, कारण टरफलातून पाणी उडतं. वाढत काही नाही. साठ ग्रॅमच्या अंड्यातून चाळीसेक ग्रॅमचं पिल्लू निघतं. ज्या अंड्याचं वजन वाढेल ते मला आणून दाखवा, मी फार्म तुमच्या नावावर करतो. आणि आत्ता निघालेलं पिल्लू लगेच अंडं घालतं? तेही स्वतः ज्यातून निघालं तेवढंच? आमची पुलेट, म्हणजे तरणी कोंबडी, अठरा-वीस आठवडे दाणा खाते तेव्हा कुठे पहिलं अंडं, तेही लिंबाएवढं. घरात हे बोललो तर बायको म्हणाली, भाग बघा ना गुपचूप.

पण हसत बघायला सुरुवात केली आणि मधेच गप्प झालो. फेब्रुवारी २००६ला देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला. पथकं आली, पांढरे सूट, मास्क. आजारी, धडधाकट, सगळी पाखरं मारली, अंडीसुद्धा खड्ड्यात. ते करणं भाग होतं हे तेव्हाही कळत होतं, रोग माणसात आला असता तर? पण शेडमधला तो आवाज बंद झाल्यावरची पहिली सकाळ अजून आठवते. म्हणून त्या भागातली शटलची कप्तान लुंडविक, जी शेवटपर्यंत 'मारा' म्हणते, ती मला खलनायिका वाटलीच नाही. तिच्यामागे सगळी पृथ्वी होती. लेखकाने तिला शेवटी चूक ठरवलं ते फुकटात ठरवलं. पिल्लू निघून कुणी मेलं असतं तर? हा प्रश्न नव्या अंड्याखाली झाकून टाकलाय.

यावल तालुका, केळीवाला

अंडं, वजन जाऊ द्या ना भो. ते दिवे बंद करून मतदान! आमच्या शिवारात लाइट माणूस बंद करत नाही, ती आपोआप जाते. मोटारीला थ्री फेज मिळते ती बरेचदा रात्री, म्हणून पाणी भरायला केळीत मीच एकटा चंद्राखाली उभा असतो. त्या रात्री क्लाराने खाली पाहिलं असतं तर यावल-रावेर अंधारात, डीपी जळालेला, आणि आमचं मत 'मारा' म्हणून मोजलं गेलं असतं. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय चंद्र त्या वेळी ज्यांच्या डोक्यावर होता तेवढ्यांचंच मत दिसणार. उरलेली अर्धी पृथ्वी उन्हात बसलेली, तिने दिवे लावले काय न लावले काय?

एक मात्र कबूल करतो. शहरं एकामागून एक विझत जातात तो शॉट मला आवडला. काबरं ते माहीत नाही.

धुळे, प्रसूती वॉर्डात नर्स

सगळे पुरुष अंड्याच्या वजनावर बसलेत. मला हा भाग आवडला, आणि शिव्या ऐकायची तयारी ठेवून लिहितेय.

परदेशात बऱ्याच जणांनी याला गर्भपाताची गोष्ट म्हणून वाचलं आणि त्यावरून रागावले. मला ते जुळत नाही. चंद्र कुणाच्या पोटात नाही, मग पोट जिचं तिला विचारा हा मुद्दाच तिथे उभा राहत नाही. आणि आमच्या भागातलं दुखणं तर उलट आहे. मुलगी ठेवायची असते ती बाई आणि 'नको' म्हणणारं सगळं घर. पृथ्वीभर दिवे विझतात आणि एकटी क्लारा 'राहू दे' म्हणते, तेव्हा मला कोण कोण आठवल्या ते इथे लिहीत नाही.

पण माझा भाग तो नाहीच. माझा भाग त्यानंतरचा, टार्डिसमधला, जिथे क्लारा डॉक्टरवर फाटते. पीटर कापाल्डी या नटाचा डॉक्टर परत येतो तो छाती फुगवून, बघ, तुझ्यावर विश्वास टाकला. ती म्हणते की तू मला एकटीला टाकून गेलास. 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणून व्हरांड्यात बाहेर जाणारे नवरे मी रोज बघते. परत येऊन पेढे वाटतात. क्लारा झालेल्या जेना कोलमनने तो राग जसा केलाय तसा त्या मालिकेत मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. आधीची चाळीस मिनिटं रद्दी असतील, असू देत.

(धागाकर्तीकडून : ताई, हा प्रसंग मी दूध उतू गेल्यामुळे अर्धाच पाहिला होता. काल पुन्हा पाहिला. कोलमनबद्दल तुमचं मान्य, नव्या अंड्याबद्दल अजून नाही.)

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

मी 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ मालिकेचा माणूस. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं तेव्हा रेल्वे क्वार्टर्समध्ये मोजक्या घरांत टीव्ही होते आणि आम्ही दहा-बारा जण एकाच खोलीत. पोरांनो, तुम्ही अंड्यावर रडताय? २० सप्टेंबर १९६८ला तिसऱ्या सीझनची सुरुवात 'स्पॉक्स ब्रेन'ने झाली. बायका येऊन यानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू चोरून नेतात, त्यांच्या भूमिगत वस्तीची यंत्रणा चालवायला. मग बिनमेंदूचा स्पॉक रिमोटवर चालवतात! मी हे कित्येक वर्षांनी मुलाच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. चॅनेलने पैसे कापलेले, वेळ शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे जवान पोरं बाहेर हिंडायची तीच वेळ. सीझन संपला तशी मालिकाही संपली, सगळे मिळून ७९ भाग. फसलेला भाग हा बरेचदा लेखकाचा नसतो, वरच्या हिशेबनीसाचा असतो. हे मी खात्याच्या अनुभवावरून सांगतो.

नंदुरबार, इंजिनीअरिंगला आहे

अप्पा, आमच्या पिढीचा घाव ताजा आहे. ३१ मे २०२५, 'डॉक्टर हू'चाच 'द रिअ‍ॅलिटी वॉर' हा भाग. मोबाईलवर, पंख्याखाली, घाम पुसत. १९७३मध्ये आलेला खलनायक ओमेगा एवढ्या वर्षांनी परत आणला, आणि काय? एक मोठा सांगाडा, 'द राणी' नावाच्या खलनायिकेला गिळतो, दोन-चार मिनिटांत खेळ खलास. डॉक्टरची सोबतीण बेलिंडा, तिला अचानक आधीपासूनची आई करून टाकलं. डॉक्टर झालेल्या गटवाचे आठ-आठ भागांचे दोनच सीझन झाले होते, तो गेला आणि चेहरा बदलून त्याच्या जागी समोर नटी बिली पायपर. मी फोन उलटा ठेवला. 'किल द मून'ला निदान शेवटपर्यंत एक प्रश्न होता.

जळगाव, पुन्हा फिजिक्सवाला

सासूबाईंचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. दुसरा आला, मग गेलं काय? गेलं की. टरफलाबरोबर अपोलोच्या सहा ठिकाणांवरचे झेंडे आणि पावलं गेली. नोव्हेंबर २००८ला चांद्रयान-१ने टाकलेला, तिरंगा रंगवलेला मून इम्पॅक्ट प्रोब गेला. तेव्हा आपलं तिथे एवढंच होतं, पण आता हिशेबात २३ ऑगस्ट २०२३ला उतरलेला विक्रम लँडरही धरावा लागतो. आमच्या कॉलेजात त्या संध्याकाळी शिपाईकाकांनी घंटा बडवली होती. त्या भागात यातल्या कशावर कुणी अर्धं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. ताई, येत्या कोजागिरीला सासूबाईंना सांगा, दुसरा उना, पण त्याच्यावर विक्रम नाही.