ती मिरवणूक नव्हती, तो बंदोबस्ताचा फेरफटका होता

निवृत्त बाबू

'शिस्तप्रिय' यांनी बंगळुरूत आयपीएल विजयाच्या जल्लोषात झालेल्या चेंगराचेंगरीवर लिहिताना शेवटी उपाय सुचवला की विजययात्रा काढायचीच असेल तर २००८ साली दिल्लीत बीजिंग ऑलिंपिकची ज्योत नेली तशी काढा. रस्ता रिकामा, पोलीस भरपूर, कुणाला ओरखडा नाही. त्यावर धडाधड अंगठे वर झाले. मी त्या दिवशी दिल्लीत होतो म्हणून लिहायला बसलोय. एरवी निवृत्तीनंतर नेटवर वाद घालणार नाही असं हिला वचन दिलंय.

१७ एप्रिल २००८, गुरुवार. मी प्रतिनियुक्तीवर, राजपथाजवळच्या एका भवनात. सकाळीच शिपाई सांगत फिरला, जेवणाच्या सुट्टीच्या आत टेबलं आवरा, खिडक्या लावा, घरी जा. आम्ही तिघे मराठी. म्हटलं, घरी कशाला, ज्योत बघूनच जाऊ. २००४ मध्ये अथेन्सवाली ज्योत दिल्लीत आली होती तेव्हा मुलाला खांद्यावर घेऊन पाहिली होती. पहिल्याच बॅरिकेडवर अडवलं. मी सरकारी ओळखपत्र दाखवलं तर जवान म्हणाला, हेच बघून तर घरी पाठवतोय. शेवटी क्वार्टरवर येऊन टीव्हीवर पाहिली, घरापासून हाकेच्या अंतरावर चाललेली.

दिसलं काय? आधी ठरलेला लांबलचक मार्ग कापून राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट, अडीच किलोमीटरसुद्धा नाही. पोलीस सुमारे १५ हजार. धावणारे सत्तरच्या आसपास, म्हणजे एकेकाच्या वाट्याला चाळीस-पन्नास पावलं. मिल्खासिंग, पी. टी. उषा यांच्यासारखी माणसं, आणि भोवती निळ्या ट्रॅकसूटमधल्या चिनी रक्षकांचं कडं, त्याभोवती आपल्या पोलिसांचं. कडेला बसने आणलेली शाळकरी पोरं. ओरखडा येणार कुणाला? आम जनता होतीच कुठे तिथे!

किरण बेदींनी ज्योत घ्यायला नकार दिला तो पिंजऱ्यातून धावणार नाही म्हणून. जन्मभर पोलिसात काढलेली बाई हे म्हणते. फुटबॉलपटू बायचुंग भूतियाने तिबेटमधल्या चिनी दडपशाहीचं कारण उघड सांगून नकार दिला. बाकी काहींना नेमके तेव्हाच स्नायू आठवले.

शिस्तप्रिय

बाबूसाहेब, तुमची दुपार वाया गेली याचं वाईट वाटलं. बंगळुरूत ११ माणसं गेली.

त्या ज्योतीचं आधीच्या दहा-अकरा दिवसांत काय झालं तेही लिहायचं होतं. लंडनमध्ये झटापटी. पॅरिसमध्ये ती विझवून बसमध्ये ठेवावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऐनवेळी मार्ग बदलून गोदामात नेली. दिल्लीत तिबेटी किती आहेत माहीत आहे ना? १९९८ मध्ये एकाने तिथेच, जंतरमंतरवर, स्वतःला पेटवून घेतलं होतं. रस्ता मोकळा सोडला असता आणि तसं परत झालं असतं, तर आज तुम्हीच 'पोलीस झोपले होते' म्हणून धागा काढला असता. गर्दी म्हणजे माणसं नव्हेत, गर्दी म्हणजे गर्दी. तिला कळत नाही.

तेंडल्याभक्त

'स्नायू आठवले' हे कुणाला उद्देशून, ते नाव घेऊन लिहा. हिंमत नसेल तर वाक्य काढा.

मरीन ड्राइव्हला हजर

४ जुलै २०२४ ला टी-२० विश्वचषकाच्या विजययात्रेला मी तिथे होतो. दुपारी साडेतीनला चर्चगेटला उतरलो, पाचनंतर पाय हलवायला जागा नव्हती. पाऊस. विमान उशिरा. माझ्यापुढे एक काकू छत्री मिटूच शकत नव्हत्या, कारण हात खाली आणायला जागा नव्हती. तासभर छत्री तशीच डोक्यावर. पण त्याच गर्दीने ॲम्ब्युलन्सला वाट करून दिली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. कळत नसलेल्या गर्दीला ते कसं कळलं?

आणि विषय निघालाच आहे तर, टीमची ती उघडी बस गुजरातची का होती? जीजे पासिंग! २००७ ला धोनीची टीम बेस्टच्या उघड्या बसमधून आली होती ना? आपल्याकडे बसगाड्या संपल्या का?

शिस्तप्रिय

आली बस. कुठल्याही विषयावर तीन प्रतिसादांत ती बस येते.

ॲम्ब्युलन्स गेली हे नशीब. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चपलांचा खच होता तोही पाहिलात ना? चप्पल आपण हौसेने टाकून येत नाही. माणूस खाली पडायच्या आधीची पायरी असते ती.

लाठीमागची

मी सहसा फक्त वाचते. माझा नवरा मुंबई पोलिसात आहे, त्या दिवशी मरीन ड्राइव्हला होता. पहाटे घरी आला तेव्हा एका बुटाचा तळ सुटून लोंबत होता आणि बोटं भिजून पांढरी पडली होती. पोरीने उठून पहिला प्रश्न केला, बाबा, रोहित दिसला का? तो म्हणाला, अगं, आमची पाठ असते बसकडे. आम्हाला गर्दीकडे तोंड करून उभं करतात. शेवटी तो कप शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर बघितली दोघांनी.

तुम्ही सगळे 'पोलिसी खाक्या' म्हणता. त्याला सकाळी जागा नेमून दिली, किती माणसं येतील ते कुणी सांगितलं नाही. पाणी मागायचं तर गर्दीतल्याच कुणाकडे. बंगळुरूत माणसं गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तच निलंबित. लोकांना 'या, या' म्हणणारे वेगळे आणि घरी बसणारे वेगळे.

निवृत्त बाबू

ताई, तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच.

शिस्तप्रिय, तुम्ही दोन गोष्टींची एकत्र खिचडी करताय. ज्योतीला लोकांपासून वाचवणं हे एक काम, आणि लोकांना लोकांपासून वाचवणं हे दुसरं. दिल्लीत पहिलं झालं. बंगळुरूत दुसरं हवं होतं. ३५ हजारांच्या मैदानाबाहेर काही लाख लोक, आणि कुठलं दार उघडणार हे कुणाला धड माहीत नाही. तिथे १५ हजार पोलीस उभे करून दारं तशीच बंद ठेवली असती, तर चेंगरायला आणखी १५ हजार माणसं मिळाली असती, इतकंच.

तेंडल्याभक्त

उत्तर आलं नाही म्हणून मीच लिहितो. रोख सचिनकडे आहे हे शेंबडं पोरही ओळखेल. मांडीच्या सांध्याची दुखापत होती त्याला. ज्योतीच्या दुसऱ्याच दिवशी, १८ एप्रिलला, आयपीएल सुरू झालं, आणि मुंबईचे पहिले सात सामने तो खेळला नाही. सात! घरच्या टीमचा कर्णधार, पहिलीच स्पर्धा, सगळ्या जगाचं लक्ष, आणि हा माणूस बाहेर बसून. ज्योत टाळायला कुणी सात सामने सोडतं का? त्याच्या जागी भज्जी, म्हणजे हरभजन, कर्णधार झाला आणि मोहालीत काय घडलं ते सांगायला नको.

मरीन ड्राइव्हला हजर

श्रीशांतला थप्पड. मग पोलॉक कर्णधार. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं.

तेंडल्याभक्त

आणि आयपीएलचा तो पहिला सामना कुठे झाला होता? चिन्नास्वामीवर, याच चेंगराचेंगरीच्या मैदानावर. बंगळुरू विरुद्ध कोलकाता. घ्या, तुमच्या विषयाशी जोडून दिलं.

झाडीपट्टीकर

सचिन झाला, बस झाली, तिबेटी लोकांचं बोलायला कुणी नाही. मी गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आमच्याकडे गोठणगावला तिबेटी कॅम्प आहे, १९७२ पासूनचा. धानाच्या बांध्यांमध्ये गोम्पा, म्हणजे त्यांचा बौद्ध मठ. तिथल्या बाया आमच्यासारखी मराठी बोलतात, थंडी आली की स्वेटरचे गठ्ठे घेऊन गावोगाव दुकान मांडतात. माझ्या अंगावरचा पहिला स्वेटर त्यांच्याकडचा, आईने घासाघीस करून पन्नास रुपयांनी उतरवलेला.

'तिबेटी किती आहेत माहीत आहे ना' असं शिस्तप्रिय लिहितात, जणू टोळधाड आहे. त्याच दिवशी तिबेटी लोकांनी दिल्लीत आपली वेगळी ज्योत काढली होती, राजघाटावरून जंतरमंतरला. दलाई लामांनी तर अधिकृत ज्योत अडवू नका म्हणून आधीच सांगितलेलं. आता सांगा, कुठली मिरवणूक खरी, जिच्यात माणसं होती ती की जिच्यात कडं होतं ती?

शिस्तप्रिय

टोळधाड मी म्हटलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. मीही त्यांच्याकडूनच स्वेटर घेतो. त्या निळ्या ट्रॅकसूटवाल्यांची भलामण मी केलेली नाही. ते आपल्या रस्त्यावर आपल्या खेळाडूंना ढकलायला कोण, हे मलाही खटकलंच होतं. लंडन ऑलिंपिकचे प्रमुख सेबॅस्टियन को त्यांना 'गुंड' म्हणाले होते. ऑस्ट्रेलियाने तर बजावलं होतं की इथे पोलिसी काम आमचे पोलीस करतील. आपण तसं ठणकावलं असतं तर बरं झालं असतं. एवढं मान्य. पण एवढंच.

निवृत्त बाबू

एवढं पुष्कळ झालं. आणखी एक ठेवून देतो. तुमच्या त्या आदर्श मिरवणुकीनंतर वर्षभरात ऑलिंपिक समितीनेच ज्योतीची जगभरची वारी बंद करून टाकली. ग्रीसमध्ये पेटवायची आणि यजमान देशात फिरवायची, बस.

शिस्तप्रिय

म्हणजे समितीलाही कळलं की रस्ता मोकळा ठेवता येत नाही. माझ्याच बाजूचं लिहिलंत, आभार.

लाठीमागची

तुम्ही दोघं जिंकलात. आज यांना पुन्हा बंदोबस्त आहे, दहीहंडीचा. टाचेला मलम लावून गेलेत. बाराच्या आत येतो म्हणालेत, मी दोन धरून चाललेय.

मरीन ड्राइव्हला हजर

ताई, आमच्या भागात असतील तर सांगा, पाणी घेऊन जातो. खरंच सांगतोय.

बसचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

निवृत्त बाबू

तेंडल्याभक्त, सात सामन्यांचं मला माहीत नव्हतं. वाक्य चुकलं. पण संपादनाची मुदत उलटली, आता काढता येत नाही.

तेंडल्याभक्त

मग खाली नवीन प्रतिसाद टाका. नाव घालून. ठळक अक्षरात.