बोअरची मोटर जळाली: छोट्या अनुदानात काय काय मागावं?

पाळणाघर_सोलापूर: विडी घरकुल भागात आमच्या न्यासाचं पाळणाघर आहे, 40 मुलं, बहुतेकांच्या आया विड्या वळतात. बोअरची दीड एचपीची मोटर जळाली, सध्या टँकरवर भागतंय. मोटर, पॅनेल, काढणं-बसवणं धरून 38,000 चं दरपत्रक आलंय. एक देणगीदार तातडीच्या गरजेला 50,000 पर्यंत देतो. उरलेल्या 12,000 त हिशेबनीस ठेवावा का? आणि तोवर एका विश्वस्तांकडून उसने घेतले तर? 12ए, 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आहे; एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची नोंदणी) नाही.

बोअरवाले_काका: अर्जात नुसतं 'मोटर जळाली' लिहू नका, का जळाली ते लिहा. मेकॅनिकला जुना पंप तुमच्यासमोर उघडायला लावा. बुश आणि इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) घासलेले दिसले तर मोटर बहुधा पाण्याविना कोरडी चालली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हे हमखास होतं. ते शाबूत आणि वाइंडिंग (मोटरमधल्या तारांचे वेढे) काळं असेल, तर कमी व्होल्टेज किंवा केबलच्या सांध्यात शिरलेलं पाणी तपासा. पॅनेलमध्ये (मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीत) ड्राय रन आणि ओव्हरलोड दोन्हीचं ट्रिपिंग हवंच, म्हणजे पाणी संपलं किंवा भार वाढला की मोटर आपोआप बंद होते. ते नसेल तर नवी मोटरही पुढच्या मे महिन्यात जाईल, आणि तोच देणगीदार दुसऱ्यांदा देणार नाही.

खतावणी: उसनवारी नको. विश्वस्तांनी न्यासासाठी कर्ज घ्यायचं तर 1950 च्या विश्वस्त कायद्याच्या कलम 36अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांना द्यायचेच असतील तर सरळ देणगी द्यावी, पावती घ्यावी. अनुदानाचं खातं खतावणीत वेगळं काढा, विश्वस्तांचा ठराव आधी, खरेदी नंतर. दुकानदाराला पैसे बँकेतूनच द्या: एका दिवसात एकाला 10,000 च्या वर रोख दिलेत तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. देणगीदाराचा पैसा परदेशी आहे का, तेही विचारा. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली संस्थासुद्धा तो तुम्हाला पुढे देऊ शकत नाही.

मीरा_प्रकल्प: 12,000 त हिशेबनीस दोन-तीन महिने टिकेल, मग पगार कुठून? त्यापेक्षा एकदाच संपणारं काम मागा. विश्वस्त बदलले आणि चेंज रिपोर्ट (या बदलाची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) राहिला असेल तर तो आधी दाखल करा (मुदत 90 दिवसांची). परिशिष्टावर (न्यासाच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर) जुनी नावं असली की बँक आणि मोठे देणगीदार तिथेच अडवतात. उरलेल्या पैशात तुमच्याच एका ताईंना टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिकवा.

खतावणी: पटलं. फक्त हे प्रशिक्षण मोटरच्या खर्चात मिसळू नका, वेगळी ओळ आणि वेगळं अंदाजपत्रक द्या. तातडीच्या निधीत प्रशिक्षण बसत नसेल तर तेवढंच वगळलं जाईल, मोटर अडकणार नाही.

पाळणाघर_सोलापूर: चेंज रिपोर्ट खरंच राहिलाय. दरपत्रकं किती जोडू?

बोअरवाले_काका: तीन. तिन्हींत एचपी, स्टेज (पंपात किती इंपेलर ते), केबलची लांबी आणि जाडी सारखी लिहून घ्या, नाहीतर स्वस्तातलं नेमकं कशामुळे स्वस्त आहे ते कळत नाही. दराची मुदतही बघा. मंजुरीला महिना लागला तर निदान तेवढा काळ दर टिकायला हवा.